‘कोकण’ शोधणाऱ्याला ‘कोंकण’ही सापडावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राजापूर तालुक्यात किनाऱ्यालगत असलेल्या एका गावातील शासनमान्य ‘ब’ वर्ग ग्रंथालयात मी तेवीस वर्षे काम करीत आहे. दाखल रजिस्टर, देवघेवीच्या नोंदी, वर्गणीच्या पावत्या आणि पावसाळ्यात कसरीपासून पुस्तके वाचवण्याची धडपड, एवढ्यात आजवर माझे दिवस गेले. गेल्या वर्षी वयाची पन्नाशी जवळ आली असताना मी वेबवरची ग्रंथतालिका, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांची इंटरनेटवर शोधता येणारी यादी, तयार करायला शिकले. ते शिकताना एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. ती ग्रंथालय संचालनालय, जिल्हा ग्रंथालय संघ आणि माझ्यासारखे कर्मचारी यांच्यासमोर यावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आम्हाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात ‘कोहा’ ही संगणकप्रणाली शिकवण्यात आली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या छोट्या भागातील ग्रंथालयांसाठी ती तयार झाली आणि २००० सालच्या जानेवारीत वापरात आली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट, आणि खरोखरच ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. शिकवणाऱ्यांनी मनापासून शिकवले. सभासदाची नोंद, पुस्तकाची देवघेव आणि बारकोड हे सारे मला दुसऱ्या दिवशीच जमू लागले. उदाहरणादाखल घेतलेली पुस्तके मात्र सगळी इंग्रजी होती. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, टाकला की परदेशी ग्रंथालयातील तयार नोंद समोर येत असे आणि ती तशीच उतरवून घेता येत असे. गावी परतून मी आमचे कपाट उघडले, तेव्हा निम्म्याहून अधिक पुस्तकांवर असा क्रमांकच नव्हता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत, पण त्यांतील कित्येक नोंदी रोमन लिपीत, अक्षरांच्या वर-खाली खुणा देऊन केलेल्या आहेत. आमच्या वाचकाला त्यांचा काय उपयोग? तेव्हा प्रत्येक नोंद आपल्या हातानेच, देवनागरीत करायची हे ठरले.

सुमारे दीड हजार नोंदी झाल्यावर तालिका वाचकांसाठी खुली केली. त्याच वर्षी गणपतीसाठी आलेल्या एका चाकरमान्यांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच मोबाइलवर ‘कोकण’ हा शब्द घालून शोध घेतला होता. त्यांना सात पुस्तके दिसली, तीही अलीकडची. ग्रंथालयात येऊन त्यांनी मला विचारले, “बाई, आमच्या आजोबांच्या वेळची पुस्तके गेली कुठे?” ती पुस्तके त्यांच्या पाठीमागच्याच कपाटात होती. त्यांच्या मुखपृष्ठांवर ‘कोंकण’ असे छापलेले होते आणि मी नियमाप्रमाणे जसे छापलेले तसेच नोंदवले होते. अनुच्चारित अनुस्वार गाळणारे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘गांव’ अशीच रूपे भेटतात. वाचणाऱ्याला त्यात काहीच अडचण येत नाही. संगणकाला मात्र तो एक ठिपका ओलांडता आला नाही. जे पुस्तक मी गेली वीस वर्षे डोळे मिटून काढून देत होते, तेच माझ्या नोंदीमुळे वाचकाला दिसेनासे झाले, याचे मला फार वाईट वाटले.

त्यानंतर मी प्रत्येक नोंद पुन्हा तपासायला घेतली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद किनाऱ्यावरच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. परंतु ‘दऱ्या’मधील तो अर्धा र संगणकावर दोन वेगवेगळ्या मार्गांनी उमटवता येतो, एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह लावलेले असते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, आणि तरीही एका मार्गाने नोंदवलेला शब्द दुसऱ्या मार्गाने शोधणाऱ्याला आमच्या तालिकेत मिळत नव्हता. ‘ॲ’ची गत तीच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकीय मानकात, स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले; त्यापूर्वी अ वर चंद्र देऊन काम भागवले जाई आणि आजही अनेकांच्या हातून तसेच टंकले जाते. आमच्या ग्रंथालयाची जुनी संगणकीय यादी तर युनिकोडपूर्व फाँटात होती, ती दुसऱ्या संगणकावर उघडली की निव्वळ खुणांचा ढीग दिसे. ती रूपांतरित करून घेतली तेव्हा असे अर्धे र आणि चंद्र जागोजागी बिघडून आले.

यावर उपाय आहेत, आणि ते अवघड नाहीत. तालिकेच्या नोंदीत मूळ शीर्षकासाठी २४५ क्रमांकाचा रकाना असतो, तर शीर्षकाच्या पर्यायी रूपासाठी २४६ क्रमांकाचा. ‘कोंकण’ हे छापील रूप पहिल्यात ठेवून ‘कोकण’ हे रूप दुसऱ्यात दिले की पुस्तक दोन्ही शब्दांनी सापडते. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबले की ‘ऱ’ मिळतो. सगळ्यांनी तोच वापरायचा असे ठरले की दुसरा प्रश्नही सुटतो. हे सांगायला प्रशिक्षणातील एखादा तास पुरला असता, मला मात्र स्वतः चुका करून ते उमगायला आठ महिने लागले. शेजारच्या तालुक्यातील कर्मचारी याच चुका नव्याने करीत आहेत हे त्यांच्याशी बोलताना समजते, आणि उद्या या साऱ्या तालिका एकत्र जोडायच्या झाल्या तर एकच पुस्तक चार रूपांत पसरलेले असेल.

रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. इतकी जुनी छापील संपत्ती ज्या जिल्ह्यात आहे, तेथे जुन्या शुद्धलेखनाचा प्रश्न बाजूला ठेवून चालणार नाही. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या त्या वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथांची हानी झाली, तेव्हापासून आमच्या रजिस्टरांकडे पाहताना माझ्या मनात धास्ती असते. पुस्तकाबरोबर त्याची नोंदही भिजून गेली, तर मुळात कोणते पुस्तक होते, हेदेखील कोणाला सांगता येणार नाही. वेबवरची तालिका दूर कुठेतरी सुरक्षित राहते, म्हणूनच ती बिनचूक असावी यासाठी माझा एवढा आग्रह आहे.

तेव्हा माझी विनंती अशी, की मराठी नोंदी कशा टंकाव्यात याचे एक छोटे, छापील मार्गदर्शन संचालनालयाने तयार करून ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गापर्यंतच्या प्रत्येक ग्रंथालयाला पाठवावे आणि यापुढील प्रशिक्षणात निदान अर्धा दिवस तरी जुन्या मराठी पुस्तकांवर प्रत्यक्ष काम करून घ्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानावरच आमच्यासारख्यांचे तुटपुंजे वेतन अवलंबून असते, त्यामुळे स्वखर्चाने जिल्ह्याच्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणे परवडत नाही. तालुक्याला वर्ग ठेवल्यास पुष्कळ जण येतील. ते दिवाळीनंतर ठेवावेत, कारण पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा भरवसा नसतो.

ज्या शब्दांची जुनी आणि नवी रूपे मला नोंदवावी लागली, ते मी एका शंभर पानी वहीत उतरवून ठेवले आहेत. त्यांची संख्या आता चारशेच्या वर गेली आहे. मार्गदर्शन तयार करणाऱ्यांना ती वही उपयोगी पडणार असेल, तर ती देण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक ग्रंथालय कर्मचारी,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी