दुतर्फा संवादामागचे शोध

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इंटरनेटच्या इतिहासावरील लेखांत इंटरनेटची पूर्वज असलेल्या 1969 च्या अर्पानेट या संगणक जाळ्याचा उल्लेख हमखास असतो. पण एकाच तारेवरून दोन यंत्रे एकाच वेळी कशी बोलू लागली, हे क्वचितच सांगितले जाते. मोडेमच्या, म्हणजे संगणकाची माहिती सुरांत बदलून टेलिफोन लाइनवरून धाडणाऱ्या यंत्रांच्या, दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून हे मनापासून लिहिते आहे.

1962 च्या 'बेल 103' मोडेमने साध्या टेलिफोन लाइनवरच्या वारंवारतांच्या पट्ट्याचे दोन भाग पाडले. फोन लावणारे यंत्र 1070 आणि 1270 हर्ट्झवर बोलायचे, उत्तर देणारे 2025 आणि 2225 वर. वेग सेकंदाला 300 बिट, पण दोघांनाही एकाच वेळी बोलता येई. हे सूर कानांना स्पष्ट ऐकू येत. लाइन खराब असली की पहिला संशय आवाजावरूनच यायचा.

पुढे 1984 च्या व्ही.32 या मोडेमच्या मानकाने ही विभागणीच सोडली. दोन्ही बाजूंनी एकच पट्टा वापरायचा आणि स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी गणिताने वजा करायचा! वेग 9600 बिट. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे. संगणक जोडणाऱ्या इथरनेटच्या वेगवान तारांमध्ये आजही प्रतिध्वनी असाच वजा केला जातो.

प्रतिध्वनी वजा करण्याच्या या तंत्रावर आपल्या विज्ञान पुरवणीत आकृत्यांसह सविस्तर लेख यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त दूरसंचार तंत्रज्ञ