त्या वहीबद्दल

सोलापूर
मंगळवार, रात्री दीड

प्रिय पम्या,

तू पाठवलेलं ‘वॉचमेन’ कॉमिक आत्ता वाचून संपवलं. १९८६-८७ चे बारा अंक, आणि मला त्यातला एकच माणूस दिसत राहिला. रोरशाक. मुद्दामच पाठवलंस ना?

लहानपणी आपण डोगाची कॉमिक्स वाचायचो, भाड्याने आणून. कचऱ्याच्या ढिगात सापडलेलं, दरोडेखोराने वाढवलेलं पोर मोठं होऊन कुत्र्याचा मुखवटा घालतं आणि गुंडांना उडवतं. वाचताना अंगात वारं शिरायचं. हा झोपतो कधी, असं मनातही आलं नाही.

रोरशाकच्या मुखवट्यावरचे काळे डाग सारखे हलतात, पण पांढऱ्यात मिसळत नाहीत. मुखवटा ओढून काढला तर ओरडतो, माझा चेहरा परत द्या. पळवून नेलेल्या सहा वर्षांच्या मुलीला शोधत तो १९७५ साली एका घरात शिरतो. उशीर झालेला असतो. अंगणात कुत्री हाड चघळत असतात. त्या रात्री आतला कोव्हॅक्स, म्हणजे मुखवट्यामागचा खरा माणूस, संपला, असं तो तुरुंगातल्या मानसोपचारतज्ज्ञाला सांगतो. ऐकून ऐकून त्या डॉक्टरचाही संसार मोडतो.

पण मला हलवलं ते त्याच्या डायरीने.

दादा रात्रपाळीला निघाला आणि अक्कलकोट रोडला टेम्पो उडवून गेला, त्यानंतरची माझी वही तुला आठवते. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. रोज रात्री त्याच वळणावर उभा राहून जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोचा नंबर लिहायचो. पिशवीत लोखंडी गज. तुला सांगायचो, न्याय पाहिजे. आज कबूल करतो पम्या, चौकी चार पावलांवर होती, पण वही घेऊन एकदाही आत गेलो नाही. टेम्पो सापडावा असंही मनापासून वाटत नव्हतं. सापडला असता तर शोध संपला असता, आणि मग दादा गेला हे मानावं लागलं असतं.

ही माणसं गुन्हेगारामागे धावतात असं मला आता वाटत नाही. ती आपली एक रात्र धरून बसतात. बॅटमॅनही त्यातलाच, आईबापाला डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या तिथेच थांबलेला. त्याला निदान आल्फ्रेड आहे, परतल्यावर जखमा बांधणारा. रोरशाकची वाट बघत कुणीच जागं नसतं.

तू मला कधी उपदेश केला नाहीस. तीन आठवडे शेजारी उभा राहिलास आणि एका रात्री एवढंच म्हणालास, “घरी चल, काकू जाग्या आहेत.” दार उघडंच होतं. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. रात्री दोन वाजता. तिने वर न बघता विचारलं, “जेवणार ना?” ताटात थंड झालेली कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. मी जेवलो. गज तुझ्याच हातात राहिला, वहीसुद्धा.

ती फेकली असशील तर हरकत नाही. ठेवली असशील तर गड्ड्याच्या जत्रेला येताना आण. ते नंबर मला एकदा दिवसाउजेडी बघायचेत, तू शेजारी असताना.

आई विचारते, पम्या यंदा किती दिवस राहणार.

तुझा,
राजा