आरोग्यमंत्री साहेब, पोस्टिंगचे वेळापत्रक महिनाभर आधी द्या

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री आम्हा नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर वॉर्डातल्या पोस्टिंगची नोटीस पडली: उद्यापासून सकाळची पोस्टिंग रद्द, सर्वांनी दुपारच्या शिफ्टला हजर राहावे. कारण दिलेले नाही. गेल्या १२ मे रोजी, परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात, विद्यार्थ्यांना पोस्टिंगचे वेळापत्रक महिनाभर आधी मिळेल असे आपण व्यासपीठावरून सांगितले होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. या आश्वासनाला ना निधी लागत होता, ना नवा कायदा. तरीही ते पाळले गेले नाही.

संध्याकाळी मी औषधांच्या दुकानात बिलिंगला बसते. दुपारच्या शिफ्टमुळे ते काम आज गेले. मालकांनी आजवर पुष्कळ सांभाळून घेतले होते. मला त्यांचा राग येत नाही. त्यांना काउंटरवर माणूस लागतो आणि मी उद्या कुठे असेन हे मलाच ठाऊक नसते. त्या पगारातून घरभाडे आणि मुलाची फी जात होती. नवऱ्याची नोकरीही शिफ्टचीच. सासूबाई मुलाला सांभाळतात, पण त्यांनाही डॉक्टरकडे न्यावे लागते आणि त्या तारखा मी सकाळच्या पोस्टिंगच्या हिशेबाने घेतल्या होत्या. तुमच्या कार्यालयांना नोटीस काढायला दोन मिनिटे लागतात. इथे अख्खे घर विस्कटते.

शिकायचे तर सोसावे लागते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. सोसतोच आहोत, साहेब. दुकानात गर्दी ओसरली की मी पाठकोऱ्या बिलांवर सलाइनची गणिते सोडवते. एक लिटर आठ तासांत, मिलिलिटरला २० थेंबांचा सेट, मिनिटाला किती थेंब? उत्तर ४२. पेंगुळल्या डोळ्यांनी ४२ चे २४ झाले तर कागदावर खोडता येते, वॉर्डात ते पेशंटला भोगावे लागते. घरी पोचले की मुलगा धावत येतो आणि मी त्याला दारातच थांबवते. वॉर्डातला युनिफॉर्म बदलून आंघोळ होईपर्यंत त्याला जवळ घेता येत नाही. बाहेर येऊन बघावे तर बहुतेक वेळा तो झोपलेला असतो.

आणि ही पोस्टिंग तरी शिकण्यासाठी असते का? ज्या वॉर्डात स्टाफ कमी, तिकडे आम्हाला पाठवतात. बेड लावा, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्या, बीपी लिहा, नातेवाइकांची बोलणी खा. इन्चार्ज सिस्टरना बिचाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, त्या शिकवणार कधी? माणसे भरायची नाहीत, त्यांची कामे विद्यार्थिनींकडून फुकट करून घ्यायची आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचे, असा हा कारभार आहे.

जगात ५९ लाख परिचारिका कमी आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सांगितले. या पेशात दहापैकी नऊ जणी बायका आहेत, हेही त्याच अहवालात आहे. युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. हे तुमच्या अधिकाऱ्यांना माहीत नाही? तरीही ज्या शिकायला आल्या आहेत त्यांनाच तुम्ही टिकू देत नाही. माझ्या बॅचमधल्या लेकुरवाळ्या मैत्रिणी एकेक करून सोडून गेल्या. त्यातली एकही नापास झाली नव्हती. घरी मूल बघायला कुणीतरी आहे आणि कमवायलाही कुणीतरी आहे, असे धरूनच तुमचे सगळे नियम लिहिले जातात. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, हे गृहीतक काही बदलत नाही.

आम्हाला शाल-श्रीफळ नको. वेळापत्रक महिनाभर आधी लावण्याचा लेखी आदेश काढा. ऐनवेळी बदल केला तर कारण आणि सही असलेला कागद द्या. वॉर्डातल्या तासांचा स्टायपेंड सुरू करा, म्हणजे दुकानात बसण्याची वेळच येणार नाही. पुढच्या महिन्याचे वेळापत्रक अजून लागलेले नाही. आदेश त्याआधी निघाला पाहिजे.

आपली,
नर्सिंगची एक विद्यार्थिनी