उत्तर बरोबर, पण उतारा कळला का?

महोदय,

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक उतारा असतो. मुलं त्याला ‘अनसीन’ म्हणतात. त्याचा सराव शाळेत आणि क्लासमध्ये भरपूर होतो, पण त्यातून मुलं वाचायला शिकतात का, याची मला फार काळजी वाटते. ‘आधी प्रश्न वाचा, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, ते वाक्य उतरवा’ ही युक्ती त्यांना आठवीपासूनच तोंडपाठ असते.

वाईजवळच्या एका गावात मी शेजारपाजारच्या मुलांचं इंग्रजी घेते. एकदा नववीच्या मुलांसाठी फळ्यावर मुद्दाम खोट्या शब्दांचं वाक्य लिहिलं : ‘द ब्लिप सॅट ऑन अ टॉल झुमा.’ मग विचारलं, ‘व्हेअर डिड द ब्लिप सिट?’ सगळ्यांनी लिहिलं, ‘ऑन अ टॉल झुमा.’ उत्तर बरोबर! झुमा म्हणजे काय, हे एकानंही विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं.

याच मुलांना मराठीत ‘आजीनं पदर डोळ्यांना लावला’ एवढं वाक्य द्या. आजी रडली हे न लिहिलेलं त्यांना कळतं, का रडली यावर ती वादही घालतात. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. तिथं त्यांना नेलं, तेव्हा अडलेला शब्द ओलांडून, पुढच्या ओळीवरून अर्थ लावत ती वाचत होती. म्हणजे समज आहेच. इंग्रजीच्या तासाला मात्र पहिल्याच अनोळखी शब्दापाशी ती थांबतात, कारण पुढे ओळीओळीचा अर्थ कुणीतरी सांगणार, याची सवय झालेली असते.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. दहा वर्षं शिकूनही औषधाच्या खोक्यातला कागद वाचायला मुलं कचरतात.

माझी शाळांना कळकळीची विनंती आहे : आठवड्याला एक तास यासाठी द्या. अर्ध्या पानाचा उतारा, मनातल्या मनात दोनदा वाचन, शब्दार्थ आधी सांगायचे नाहीत. मग चर्चा, ती खुशाल मराठीतून. हा माणूस असा का वागला? तुला कशावरून वाटलं? त्या ओळीवर बोट ठेवायला लावायचं, हे सर्वांत महत्त्वाचं. उत्तर मात्र इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत. मोडकंतोडकं असलं तरी घटक चाचणीत त्याला गुण द्यावेत. पोर्शन संपत नाही आणि वर्गात साठ मुलं असतात, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. म्हणूनच एकच तास मागते आहे.

माझ्याकडची मुलं पावसाळ्यापासून असंच वाचतात. परवा एका मुलीनं उतारा संपवून विचारलं, ‘मॅडम, हा मुलगा आईशी खोटं बोलतोय ना?’ उताऱ्यात तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, ‘कशावरून?’ तिनं बोट ठेवलं.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. वाई, जि. सातारा