ज्वालामुखीची माती, पण काळी जमीन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पनामातल्या सेर्रो पुंता या भाजीपाल्याच्या खोऱ्यावरचा आपल्या कृषी पुरवणीतला लेख वाचला. वर्णन छान आहे. पण 'आपली काळी जमीन आणि तिथली जमीन सख्ख्या बहिणी, दोन्ही ज्वालामुखीच्या. त्यामुळे तिथे खताची फारशी गरज नाही' हे वाक्य खटकले. हे नाते चुलतही नाही.

आपली काळी जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टची झीज होऊन बनली. चिकण, चुनखडीची, उन्हाळ्यात भेगाळणारी. सेर्रो पुंता आहे बारू ज्वालामुखीच्या (सुमारे ३,४७५ मीटर) कुशीत, समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. बारूचा शेवटचा उद्रेक साधारण पाचशे वर्षांपूर्वीचा मानतात. राख ताजी, पाऊस भरपूर, त्यामुळे तिथे तयार झालेली माती अँडिसॉल गटातली: हलकी, भुसभुशीत, आम्लधर्मी. न विस्कटता काढलेली एक लिटर माती वाळवून तोलली तर सहसा ९०० ग्रॅमच्या आतच भरते. ओलसर चिमूट बोटांत चोळली की एकदम लोण्यासारखी बुळबुळीत होते आणि पाणी सुटते. ती एकदा कडक वाळली, तर पहिल्यासारखे पाणी धरत नाही.

खताची खरी अडचण स्फुरदाची (फॉस्फरसची). या मातीतले राखेपासून बनणारे खनिज अ‍ॅलोफेन आणि अ‍ॅल्युमिनियम घातलेला स्फुरद पकडून ठेवतात. प्रयोगशाळेत अशा मातीत ८५ टक्क्यांहून जास्त स्फुरद अडकलेला दिसतो. आपल्याकडे तो चुन्याला चिकटतो, तिथे अ‍ॅल्युमिनियमला. म्हणून तिथे सुपर फॉस्फेट शेतभर विस्कटून देणे म्हणजे पैसे मातीत घालणे. ते बियाण्याच्या बाजूला पाच आणि खाली पाच सेंटिमीटरवर पट्ट्यात द्यावे लागते, सोबत कुजलेले सेंद्रिय खत. कोंबडखत कच्चेच टाकले तर माश्या होतात आणि कोवळी मुळे भाजतात. कोबी-फ्लॉवरमध्ये मुळांवर गाठी आणणारा क्लबरूट रोग आम्ल मातीत बळावतो, तेव्हा चुना टाळता येत नाही. पण ही माती सामू (pH) सहज बदलू देत नाही, त्यामुळे चुन्याची मात्रा माती तपासूनच ठरवावी.

जाता जाता: अँडिसॉल ओळखायला सोडियम फ्लोराइडची चाचणी वापरतात. एक ग्रॅम माती ५० मिलिलिटर द्रावणात घातली आणि दोन मिनिटांत सामू ९.४ च्या वर गेला, तर अ‍ॅलोफेनची शक्यता. ही चाचणी आपल्या काळ्या जमिनीवर मात्र करू नये. चुनखडीमुळेही सामू चढतो आणि भलताच निष्कर्ष निघतो.

लेखात दुसरी गोष्ट 'अडाणीपणा' म्हणून आली आहे: उताराच्या दिशेने सरळ खाली ओढलेल्या सऱ्या. हा अडाणीपणा नाही. तिथे कोरड्या महिन्यांतही वाऱ्याबरोबर येणारी बारीक झिमझिम असते, तिला ते बाहारेके म्हणतात. पाने ओली राहतात, बटाट्यावर उशिराचा करपा येतो, पाणी साचले की कांदा आणि बटाटा सडतो. शेतकऱ्याला पाणी लवकर काढून द्यायचे असते. त्याची किंमत म्हणून माती चिरिकी व्हिएहो नदीत जाते, हेही खरे. नोव्हेंबर २०२० मध्ये एटा चक्रीवादळाच्या पावसाने या भागात दरडी कोसळल्या, पूर आला.

पण उपाय म्हणून अगदी समपातळीत सऱ्या काढल्या तर आणखी घोळ. पाणी तुंबते, सरीचा सखल भाग फुटतो आणि तिथून घळ पडते. सरीला एक टक्का उतार हवा. पाणलोटाच्या कामातली आपली ए-फ्रेम (समपातळी दाखवणारी A आकाराची चौकट) यासाठी पुरते. दोन मीटरच्या दोन काठ्या वर बांधा, खाली पायांत दोन मीटर अंतर, मधे आडवी पट्टी, शेंड्याला दगड बांधलेली दोरी. दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करा, पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन्हींच्या मधला बिंदू म्हणजे समपातळी. मग एका पायाखाली दोन सेंटिमीटरची ठोकळी बांधा. ठोकळीचा पाय पाणी जायच्या बाजूलाच ठेवायचा. उलटा धरला तर सरी चढती होते. उतार जितका जास्त तितकी सरी आखूड, आणि तिचे तोंड गवत लावलेल्या चरातच सोडावे, उघड्या मातीवर नाही.

आपला,
एक वाचक, जुन्नर