पालकमंत्री साहेब, आमच्या पिचवरचा मुरूम अजून तसाच आहे

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान चालवतो. गेली २१ वर्षं गावच्या क्रिकेट क्लबचा सेक्रेटरी आहे आणि परवापर्यंत क्लबचा विकेटकीपर होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर वरच्यांना काही होणार नाही, मैदानाच्या गेटवर बसणाऱ्या शिपायाची तेवढी बदली होईल. त्याचा दोष नाही. त्याला गेट उघडायला सांगितलं, त्यानं उघडलं.

आपल्याला गाव आठवेल. गुरुवारी, २७ नोव्हेंबरला, नगरपरिषदेच्या प्रचारासाठी आपलं हेलिकॉप्टर आमच्या मैदानात उतरलं. सभा मार्केट यार्डात होती. हेलिकॉप्टर मैदानात एकूण दीड तास होतं. रविवारी, ३० तारखेला, त्याच मैदानावर जिल्हा लीगमधली आमची सीझनची पहिली मॅच होती. ती झाली नाही. शनिवारी संध्याकाळी त्याच मैदानावर माझा डावा घोटा मोडला. त्यात आता प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. हे पत्र मी खाटेवर पडून, छातीवर पॅड ठेवून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्यावं, टाइप करणारी माझी मुलगी ते सरळ करील.

आधी पिचबद्दल सांगतो, कारण तिथं काय होतं हे आपल्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

आमच्या तालुक्यात सीझन बॉलचं, म्हणजे कातडी कठीण चेंडूचं क्रिकेट पूर्वी चटईवर चालायचं. २०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं, मातीचं पिच करायचं. बावीस यार्ड लांब, दहा फूट रुंद. हातानं फूटभर खोदलं. खाली विटांचे तुकडे, त्यावर वाळू, आणि वर तलावातली काळी माती. ती माती सोळा ट्रॉल्या आणली आणि खडी चाळायच्या जाळीतून आम्हीच चाळली. आमचा ओपनर एसटीत कंडक्टर आहे, तो ड्यूटी संपवून खाकी शर्टातच चाळायला यायचा. रोलर विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून सिमेंटच्या पाइपात काँक्रीट भरून केला. तो ओढायला आठ माणसं लागतात. पहिली दोन वर्षं पिचला नुसत्या भेगा पडायच्या, चेंडू कुठं उसळेल याचा नेम नव्हता. मग कुणीतरी सांगितलं, हरळी लावा, मुळं माती धरून ठेवतात. आम्ही बांधावरची हरळी उपटून आणून बोट बोट अंतरावर लावली. तिसऱ्या वर्षी पिच धरलं. अकरा वर्षांत त्या पट्ट्यावर पाणी पडलं नाही असा उन्हाळ्यातला एकही दिवस गेला नाही. बोअर बंद पडली तेव्हा आम्ही घरून कळशा नेल्या.

त्या पट्ट्यावर मंगळवारी २५ तारखेला रात्री तीन डंपर मुरूम पडला. हेलिकॉप्टरला वर तारा नकोत, जवळ झाड नको, म्हणून मैदानाचा मधोमध भाग धरला. मैदानाच्या मधोमध पिचच असतं. मुरूम पसरला, वर टँकरनं पाणी मारलं, व्हायब्रेटर रोलर फिरवला आणि त्यावर फक्कीनं गोल काढून मोठा एच लिहिला. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा काम झालं होतं. तिथल्या इंजिनिअरला म्हटलं, खाली पिच आहे. तो म्हणाला, ‘साहेबांचा दौरा आहे. मॅच काय, पुढच्या रविवारी पण होते.’

काळ्या मातीत मुरूम मिसळला की माती धरत नाही, फुटते. आता वरची चार-पाच इंच माती काढून टाकल्याशिवाय ते पिच पुन्हा होणार नाही, आणि नवी माती बसायला, हरळी धरायला पुढचा सगळा पावसाळा जावा लागेल. दीड तासासाठी. या कामाला चार लाख लागले असं लोक सांगतात, एक ठेकेदार सात लाख म्हणाला. खरा आकडा आपण जाहीर करा. आमच्याकडून नगरपरिषद एका मॅचचं भाडं १,५०० रुपये आणि ५,००० डिपॉझिट घेते. स्टंपाची खूण राहिली तरी डिपॉझिटमधून पैसे कापते. दीडशे खड्ड्यांचं कुणाच्या डिपॉझिटमधून कापलं?

खड्ड्यांचं सांगायचं राहिलं. हेलिपॅडभोवती बल्ल्या पुरून बॅरिकेड केलं होतं. शुक्रवारी मांडववाल्यानं बल्ल्या उपटून नेल्या, खड्डे तसेच ठेवले. माझ्या मुलीनं दुसऱ्या दिवशी मोजले, ११२ भरले. गवतात काही सुटले असतील, म्हणून मी दीडशे धरतो. शनिवारी आम्ही दहा-बाराजण फावडी घेऊन मुरूम खरवडत होतो. निदान कडेला जुनी चटई अंथरून मॅच होईल अशी आशा होती. अंधार पडत आला होता. मी चटईचे खिळे आणायला निघालो आणि डावा पाय मांडीपर्यंत खाली गेला. शरीर पुढं गेलं, पाय मागं राहिला. आवाज मला स्वतःला ऐकू आला.

इथल्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे मशीन आहे, शनिवारी संध्याकाळी ते चालवणारा माणूस नाही. टेम्पोत आडवा टाकून पोरांनी मला ४२ किलोमीटरवर नेलं. खाजगी दवाखान्यात ६८,००० खर्च झाला. त्यातले ४० हजार मेहुण्याकडून उसने घेतले आहेत. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. दुकान बंद आहे आणि दहावीचे फॉर्म, दाखले, आधारच्या झेरॉक्सा यांचा हाच मोसम आहे. वय ४९. डॉक्टर म्हणाले, कीपिंगला बसणं आता विसरा. मी ते सहज ऐकून घेतलं, पण घरी आल्यावर ग्लव्हज बघवेनात, ते कपाटावर टाकायला सांगितले.

पण साहेब, मी माझ्या पायासाठी हे पत्र लिहायला घेतलं नव्हतं.

२ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा माझ्या दुकानात टीव्ही लावून सगळा क्लब बसला होता. दीप्ती शर्मानं पाचवी विकेट घेतली तेव्हा मध्यरात्र झाली होती. त्याच रात्री आमच्या कॅप्टननं सगळ्यांसमोर सांगितलं की माझी मुलगी सीझनची पहिली मॅच खेळणार. ती दहावीत आहे, डावखुरी स्पिन टाकते. चार वर्षं आमच्या नेटमध्ये मोठ्या माणसांना टाकते आहे, आणि मॅचला स्कोअरर म्हणून बसते. लीगच्या नियमांत मुलीनं खेळू नये असं कुठं नाही, मी दोनदा वाचून घेतलं. तिच्या आईनं पांढरी पँट शिवली.

रविवारी सकाळी समोरचा संघ क्रूझर करून ६० किलोमीटरवरून आला. अंपायर आले. मी दवाखान्यात होतो, हे मला नंतर कळलं. नियमाप्रमाणे ज्याचं मैदान त्यानं ते खेळण्यालायक द्यायचं. अंपायरनी मैदान पाहिलं, पाय घासून मुरूम पाहिला आणि सामना होऊ शकत नाही असं लिहिलं. गुण समोरच्यांना गेले. ती माणसं चांगली. पोहे खाल्ले, हळहळली, निघून गेली. मुलीनं स्कोअरबुकात तारीख, दोन्ही संघ, आमची अकरा नावं लिहून ठेवली होती. सातव्या नंबरला तिचं नाव. ते पान तिनं फाडलं नाही. त्याच्या खाली एक रेघ मारून पुस्तक मिटलं. संध्याकाळी दवाखान्यात येऊन ती मला अंपायरची फी दिली की नाही एवढंच सांगत बसली.

मला विचारायचं आहे, ही मुलगी उद्या भारताकडून खेळली असती तर तुम्ही हार घेऊन आला असतात ना? सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचे फ्लेक्स तुमच्याच कार्यकर्त्यांनी आमच्या एसटी स्टँडसमोर लावले आहेत. त्यावर तुमचा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा आहे. मग जिथून अशी मुलगी निघते त्या मैदानावर डंपर कशाला आणता?

तुम्ही आमच्या मैदानावर पहिल्यांदा आला नव्हता. २६ जानेवारी २०२३ ला टेनिस बॉलच्या चषकाला आला होतात. माइकवरून सांगितलंत की एका वर्षात कंपाउंड वॉल, नवी बोअर आणि मुलींसाठी शौचालयासह चेंजिंग रूम होईल. कोनशिला बसवली. मी स्वतः तुमच्या हातात नारळ दिला. आज जवळजवळ तीन वर्षं झाली. कोनशिला आहे, बाकी काही नाही. माझी मुलगी मैदानामागच्या एका घरात विचारून बाथरूमला जाते. मी तुमच्या कार्यालयात नऊ पत्रं दिली. सगळ्यांच्या पोच माझ्याकडं आहेत, उत्तर एकाचंही नाही.

विचारायचं तरी कुणाला? चार वर्षं होत आली, आमच्या गावाला नगरसेवक नाहीत, प्रशासक आहे. प्रशासक म्हणतात वरून आदेश, वरचे म्हणतात स्थानिक विषय. शाळेत पी.टी.चा तास गणिताला दिलेला. विकास आराखड्यात या जागेवर ‘खेळाचे मैदान’ असं स्वच्छ लिहिलं आहे, तरी तिथं सर्कस, कृषी प्रदर्शन, लग्नाचे मांडव, फटाक्यांचे स्टॉल, भागवत सप्ताह आणि तुमच्या सर्वांच्या सभा. मी कुठल्या एका पक्षाचं बोलत नाही, २१ वर्षांत सगळे बघितले. तुमच्या नजरेला ती मोकळी जागा दिसते. ती मोकळी नाही साहेब, ती राखलेली आहे. एका चषकाला लाखांची बक्षिसं, डीजे, लाइट, आणि तीन दिवसांनी मैदानात बाटल्यांच्या काचा. त्या आम्ही गुडघ्यावर बसून वेचतो, कारण डाइव्ह मारणाऱ्याचं कोपर फाटतं.

या राज्याचं क्रिकेट अशा राखणाऱ्यांनीच केलं आहे. पळवणकर बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात पिचवर रोलर फिरवायचे, नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकायचे. त्याच माणसानं १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. विजय हजारे सांगलीचे. पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले. झहीर खान श्रीरामपूरचा. यातलं एकही मुंबई नाही. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग भर पावसाळ्यात चालते, चिखलात माणसं खेळतात, त्या हट्टाचं कौतुक सगळे करतात. तोच हट्ट आमच्याकडं ऊन, धूळ आणि दुष्काळात चालतो, त्याकडं बघायला कुणी नाही.

कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट आमच्याकडं प्रत्येक नव्या पोराला सांगतात. डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या तेव्हाच्या विश्वविक्रमापासून ९ धावा दूर. लंचला समोरच्या कॅप्टननं सामना सोडून दिला आणि घरी गेले. मैदान होतं, बॅट हातात होती, आणि खेळ थांबवायचा निर्णय दुसऱ्यानं घेतला. गेले चार दिवस मला सारखी तीच गोष्ट आठवते आहे. कल्याणच्या प्रणव धनावडेनं जानेवारी २०१६ मध्ये एका डावात नाबाद १,००९ केल्या, जगभर नाव झालं. त्याच वर्षी डिसेंबरात मैदानावर हेलिपॅड करायला त्यानं हरकत घेतली तर पोलिसांनी त्याला पोलीस स्टेशनात नेल्याचं पेपरात आलं होतं. हजार धावा करणाऱ्याचं हे, तर आमचं कोण ऐकणार? पण नऊ वर्षांत कुणी एकानं तरी नियम करायला नको होता का, की हेलिकॉप्टर पिचवर उतरणार नाही?

माझ्या दवाखान्याचा खर्च मी मागत नाही. तो मी फेडीन. मुरूम काढायला जेसीबी पाठवू नका, त्यानं खालची माती पण जाईल. बारा मजूर चार दिवस द्या, आमची पोरं उभी राहून करून घेतील. काळी माती सोळा ट्रॉल्या. मैदानाचं भाडं कुणी भरलं, परवानगी कुणी दिली, किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात मागितलं आहे. तीस दिवसांत उत्तर द्यायला सांगा. चेंजिंग रूमचं काय झालं, ते तुमच्या सहीनं लिहून द्या. होणार नसेल तर तसं लिहा, आम्ही वर्गणी काढू.

आणखी एक. आमची पुढची घरची मॅच रविवारी २१ डिसेंबरला आहे, चटईवर खेळू. त्याच दिवशी मतमोजणी आली आहे. कोणीही निवडून येवो, विजयाची सभा आणि गुलाल आमच्या मैदानावर नको, एवढा शब्द आजच द्या.

खड्डे अजून कुणी बुजवलेले नाहीत. संध्याकाळी लहान पोरं तिथं खेळायला येतात, म्हणून मुलगी शाळेतून आली की एकेका खड्ड्याशेजारी काठी रोवून लाल चिंधी बांधते आहे. काल रात्रीपर्यंत ६४ झाले. आईची जुनी साडी संपली. उरलेल्यांसाठी कापड बघायला ती आत्ता शिंप्याकडं गेली आहे.

कळावे,
आपला,
क्लबचा सेक्रेटरी
४ डिसेंबर २०२५