बीपीची गोळी आणि फिटची गोळी

महोदय,

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, म्हणजे पेशीत कॅल्शियम शिरण्याची दारे अडवणाऱ्या कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर्सनी, फिटमुळे मरणाऱ्या मेंदूपेशी वाचतात असे कुठेतरी वाचून काही रुग्ण मनानेच औषधांत बदल करतात. हे फार धोक्याचे आहे.

मुळातला विचार चुकीचा नाही. चेतापेशीच्या बाहेर आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट कॅल्शियम असते. फिट लांबली की ग्लुटामेट हे चेतापेशींना उत्तेजित करणारे रसायन साचते आणि कॅल्शियम पेशीत लोंढ्याने शिरते. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया थकतात, ऊर्जा आटते आणि कॅल्पेनसारखी विकरे पेशीचाच सांगाडा कुरतडू लागतात. मेंदूतल्या स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाला याची झळ विशेष बसते. पण निमोडिपिन किंवा व्हेरापामिल ही या गटातली औषधे मुख्यतः 'एल' प्रकारचे दार अडवतात. कॅल्शियमचा मोठा ओघ ग्लुटामेटच्या एनएमडीए दारातून येतो आणि ते उघडेच राहते. शिवाय प्राण्यांवरच्या अनेक प्रयोगांत औषध फिट आणण्याआधीच टोचलेले असते. माणसाची फिट अशी वेळ ठरवून येत नाही.

औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात (वारंवार फिट येण्याच्या आजारात) नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिलेल्या फ्लुनारिझिन या कॅल्शियम अडवणाऱ्या औषधाचा किंचित उपयोग दिसला, पण बऱ्याच जणांनी ते मध्येच सोडले. याच गटातल्या निफेडिपिन आणि निमोडिपिनचा खात्रीलायक फायदा दिसलेला नाही.

खरी गडबड दोन गोळ्या एकत्र आल्यावर होते. फिटची गोळी कार्बामॅझेपिन चालू असताना बीपीची व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम सुरू केली, तर यकृतात कार्बामॅझेपिनचा निचरा मंदावतो. काही दिवसांतच एकाचे दोन दिसू लागतात, तोल जातो, झापड येते. घरचे समजतात बीपी उतरला. अशा वेळी रक्तातली कार्बामॅझेपिनची पातळी तपासायला हवी. उलटही घडते: फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन या फिटच्या औषधांमुळे निफेडिपिनसारख्या गोळ्या झपाट्याने निकामी होतात. बीपी उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो. पुढे फिटची गोळी बदलली की दोन-तीन आठवड्यांत तोच वाढीव डोस जड जातो आणि बीपी खाली घसरतो. म्हणून दोन्ही डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी.

नावातल्या 'कॅल्शियम'मुळे आणखी एक गैरसमज होतो. दूध किंवा कॅल्शियमच्या गोळ्या बंद करून फिट थांबत नाही. रक्तातले कॅल्शियम फार कमी झाले तर उलट फिट येऊ शकते, आणि वर सांगितलेली फिटची तिन्ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होऊ शकतात.

पेशी वाचवायच्या तर फिट लवकर थांबायला हवी. घड्याळ लावा, रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. अंग झटकणारी फिट ५ मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा, ठरवून दिलेल्या मात्रेतच, मारा आणि रुग्णवाहिका बोलवा. ३० मिनिटांपुढे मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. फिटची रोजची गोळी मात्र कुठल्याही कारणाने एकाएकी बंद करू नका. न थांबणाऱ्या फिटचे ते नेहमी आढळणारे कारण आहे.

— अपस्माराच्या उपचारांशी संबंधित एक वाचक